गरम गोळ्या

माझ्या दिराच्या कुत्र्याला नाव होतं. मी ते कधी घेतलं नाही आणि इथेही घेणार नाही. पांढरा, केसाळ पामेरियन. अकोल्याच्या घरात गादीवर झोपणारा. आमच्याकडे अमरावतीला आला तो "वहिनी, आठच दिवस" या बोलीवर. त्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरत आलं होतं, म्हणून दिराने घराचं रंगकाम काढलं होतं आणि रंगाच्या वासाने कुत्रा शिंकतो म्हणे. माणसं शिंकली तर चालतात. त्या आठ दिवसांचे अडीच महिने झाले.

मी कोण, हेही सांगून टाकते. एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत मी बत्तीस वर्षं काढली. लोकांना कारणे दाखवा नोटिसा लिहिणं हे माझं काम. "आपण कर्तव्यात कसूर केल्याचे दिसून येते, तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा." हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. माझी नोटीस आली की साहेबसुद्धा आधी सहपत्रं मोजायचे, कारण पुराव्याचा कागद जोडल्याशिवाय माझ्या टेबलावरून काही बाहेर जात नसे. मी निवृत्त झाले, पण कोणी कसूर केली की अजूनही माझे हात शिवशिवतात. घरात माझ्या नवऱ्याने या स्वभावाला कधीच नमस्कार करून टाकलेला आहे.

आई माझ्याकडेच राहते. तिवश्याकडच्या एका दवाखान्यात तिने आया म्हणून उमर काढली. तिथे लोक गोळी तोंडात टाकतात, वर पाणी पितात आणि आया वळली की खिडकीतून थुंकून देतात. आई वळायचीच नाही. समोर उभी राहून म्हणायची, "जीभ दाखव." जीभ दाखवली की "आता वर उचल." मलाही लहानपणी तेच. पुढे पुढे तर गोळीचाही संबंध राहिला नाही. मी शाळेतून कोणाची पेन्सिल घेऊन आले आणि सापडली म्हणाले, तरी आई हातातलं काम न सोडता म्हणायची, "जीभ दाखव." मग मी रडत रडत खरं सांगायची.

दोन वर्षांपासून तिचा उजवा गुडघा गेला होता. आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे, त्याला तीन पायऱ्या. दर रविवारी सगळे वर वंदनेला बसायचे आणि आई खाली रस्त्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत. कोणी खांदा पुढे केला तर ती तो झटकून टाकायची. मार्चमध्ये गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "बुद्ध पौर्णिमेपर्यंत तीन पायऱ्या चढीन का? कोणाले न धरता?" डॉक्टर म्हणाले, चढाल. त्या शब्दावर ती टेबलावर झोपली.

ऑपरेशन चांगलं झालं. विसाव्या दिवशी ती वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊन आली. त्याच आठवड्यात दीर कुत्रा सोडून गेला आणि कुत्र्याने आईची खाट धरली. तो तिच्या पायाशी पडायचा, तिचा हात चाटायचा, आणि तीही चाटू द्यायची. त्याच्या पोटावर केस गेलेले लाल चट्टे होते. मी फोन करून विचारलं तर दीर म्हणाला, "उनायात होते त्याले, वहिनी. घामोया हायेत." मी ऐकून घेतलं. ती माझी पहिली चूक. पुढे ती मी त्याच्या खात्यात टाकली.

एप्रिलमध्ये टाक्यांच्या खालच्या टोकाला लाली आली, मग पाणी येऊ लागलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, दहा दिवस. एकही चुकवायची नाही, असं बजावून. मी बजावणीची बाई. दोन्ही वेळेला गोळी हातावर ठेवायची, पाणी द्यायची आणि समोर उभी राहायची. "जीभ दाखव." आई जीभ काढायची, वर म्हणायची, "तू तं माहीच आया झाली." आम्ही दोघी हसायचो. कुत्रा खालून पाहायचा.

दहा दिवसांनी गुडघा नारळाएवढा झाला आणि आईला ताप भरला. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुऱ्या. आतला पू तपासायला गेला आणि चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. औषधांच्या नावांची लांब यादी आणि बहुतेक प्रत्येकापुढे इंग्रजी 'आर'. आमच्या हजेरीपटावर 'र' म्हणजे रजा. मला तो कागद पाहून तेच वाटलं, एकजात सगळी औषधं रजेवर गेली आहेत. डॉक्टरांनी सांगितलं की हे जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत, आता शिरेतून दोनच इंजेक्शनं चालतील. मग त्यांनी विचारलं, "घरात जनावर आहे का? अशा जंतूंना जनावराच्या अंगावर घर मिळतं. माणसाच्या नाकातही मिळतं. अर्धवट औषधं घेतली की ते आणखी माजतात." यातलं मी जनावराचं तेवढं ऐकलं. पुढची दोन वाक्यं माझ्या कानावरून गेली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

बुद्ध पौर्णिमेला आई दवाखान्यातच होती. पांढरं पातळ तिने उशाशी आणून ठेवायला लावलं होतं. सकाळी तिने सलाईनचा हात तसाच ठेवून दुसरा त्याला जोडला आणि पंचशील म्हटलं, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मी तिच्या पायाशी उभी राहून दिराला मनातल्या मनात नोटीस लिहीत होते. इतका राग मला उभ्या नोकरीत कोणावर आला नव्हता.

आई घरी आली ती वाकत नसलेला गुडघा घेऊन. पाय वाचला, यातच समाधान माना, असं डॉक्टर म्हणाले. मी समाधान मानणाऱ्यांतली नाही. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला गाडी काढायला लावली, कुत्रा मागच्या सीटवर टाकला आणि अकोल्याला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात नेला. मूर्तिजापूरला नवऱ्याने गाडी थांबवली. तिथे चहा पिताना म्हणाला, "मुकं जनावर आहे, जाऊ दे ना." मी म्हटलं, जनावर मुकं आहे, त्याचा मालक नाही.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, माझ्या हाताखाली लागली असती तर मी तिला चांगली घडवली असती. तिने कापसाच्या काडीने कुत्र्याच्या पोटावरचा आणि नाकातला नमुना घेतला. मग विचारलं, "याला आधी काय औषध दिलं होतं?" मी तिथूनच दिराला फोन लावला आणि आवाज मोठा केला. साक्षीदार असलेला बरा.

"भाऊजी, कुत्र्याला कोणत्या गोळ्या दिल्या होत्या तुम्ही?"

"मेडिकलमधून आणल्या होत्या न वहिनी, पाच दिवसाच्या. तीन दिवस देल्या, मंग बंद केल्या. गरम पडून राहिल्या होत्या त्याले."

गरम. हा शब्द आमच्या वऱ्हाडात जन्मापासून कानावर पडतो. आंबा गरम, गूळ गरम, अंडं गरम, आणि सगळ्यांत गरम म्हणजे ही जंतू मारायची गोळी. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन असताना पोटात गरम गोळी कोण टाकणार? बरं वाटलं की बंद, वरून ताक. उरलेल्या गोळ्या स्टीलच्या डब्यात, पुढच्या वेळेला होतील म्हणून. हे मी माझ्या आजोळात पाहिलंय, सासरी पाहिलंय, कचेरीत पाहिलंय. मीही एकदोनदा केलंय. पण त्या दिवशी मला ते फक्त दिराचं वाटलं. डॉक्टरीण कपाळाला हात लावून बसली आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या. आरोपीने खुलासा स्वतःच्या तोंडाने दिला होता.

रिपोर्ट आला तो घ्यायला मी एकटी गेले, रेल्वेने. दोन पानं होती. पहिल्या पानावर तीच यादी, तेच 'आर', आईच्या कागदाशी ओळीला ओळ जुळणारे. डॉक्टरीण म्हणाली, "दुसरं पान वाचा, मॅडम." तिथे लिहिलं होतं की रुग्णात आणि प्राण्यात सारखे जंतू दिसले तरी ते कोणाकडून कोणाकडे गेले हे या तपासणीवरून सांगता येत नाही, कुत्र्यांना ते माणसांकडूनही लागतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं. ती तोंडीही तेच बोलली. वर म्हणाली, "कुत्र्याला घराबाहेर काढू नका. औषधी शाम्पूने धुवा, उपचार पूर्ण करा, तो बरा होतो. तुमच्या नाकातला नमुना देता का?" मी म्हटलं, माझ्या नाकाची काळजी करू नका.

मग मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "दोनी पानं?" मी म्हटलं, पहिलंच. दहा प्रती. बत्तीस वर्षांत सहपत्र काढून ठेवून मी एक कागद पुढे पाठवला नव्हता. त्या दिवशी पाठवायचं ठरवलं आणि दुसरं पान घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

साक्षगंध जूनमध्ये अकोल्यातल्या एका हॉलवर होतं. कुत्रा तोपर्यंत त्याच्या घरी गेला होता आणि हॉलवरही आणला होता, गळ्यात लाल फीत बांधून. पोरं त्याला या हातातून त्या हातात देत होती. जेवणं झाली, पाहुण्यांचे फोटो सुरू झाले, तेव्हा नवरदेवाच्या आत्याने मला सहज विचारलं, "तुमच्या आई आल्या नाही का?" मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. मी उभी राहिले आणि आस्थापना शाखेच्या आवाजात सांगितलं, आई का आली नाही ते. तिच्या गुडघ्यात काय निघालं, तेच कुत्र्याच्या अंगावर कसं निघालं, आणि पाच दिवसांच्या गोळ्या तीन दिवसांत कोणी बंद केल्या. मग प्रती वाटल्या. आत्याने चष्मा लावून वाचलं. एका बाईने आपलं लेकरू कुत्र्यापासून ओढून नळावर नेलं आणि कोपरापर्यंत धुतलं. मग दुसरीने नेलं. नळावर रांग लागली.

दीर कागद हातात घेऊन उभा होता. त्यातलं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण दोन हात जोडून सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, मले खरंच माहीत नव्हतं. चूक झाली माही." त्याची मुलगी नव्या शालूतच उठली, कुत्र्याला उचलून बाहेर गेली आणि उरलेल्या फोटोंना आलीच नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी पोटभर जेवल्यासारखं वाटलं. लग्न मोडलं नाही, पण मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की कुत्रं त्या घरात नको. आठवड्याच्या आत दिराने त्याला परतवाड्याकडे कोणाच्या तरी शेतावर सोडून दिलं.

हे मी आईला सांगितलं ते सकाळच्या चहाला, चांगलं रंगवून. नळावरची रांग दोनदा सांगितली. आईने कप खाली ठेवला.

"कुत्रं कुठी आहे आता?"

"परतवाड्याकडे. शेतावर."

"काहून?"

"काहून काय? त्याच्याचमुळे झालं ना हे सगळं."

आईने ताठ गुडघ्यावरचं पातळ सारखं केलं. मग म्हणाली, "गोया त्याले मीच देत होती."

मला आधी कळलंच नाही. कोणत्या गोळ्या? तिने सांगितलं ते असं. पहिल्या दोन दिवसांत तिच्या तोंडात छाले आले, पोटात आग पडली. "गरम पडून राहिल्या होत्या मले. तुले सांगतलं असतं तं तू डाक्टरले फोन लावला असता, मंग आणखी गरम गोया आल्या असत्या." मग तिने गोळी गालाच्या आत, दाढेच्या मागे सरकवायला सुरुवात केली. मी वळले की काढायची. "फेकू कशी? औषध फेकाची सवय नाही मले. दवाखान्यात एक गोई खाली पडली तं पुसून ठेवत होतो आमी. त्याच्या पोटाले लाल झालं होतं, म्हटलं त्याले तरी गुण येईन. पोयीच्या तुकड्यात घालून देत होती."

"आणि मी रोज जीभ पाहत होते ते?"

"जीभच पाहत होती तू. गाल कुठी पाह्यला? पेशंट गोई कुठी ठेवते हे मी दवाखान्यात शिकली. तू कुठी शिकली?" हे बोलताना ती क्षणभर जुनी आया झाली. मग तिचा चेहरा पडला. "त्या पोराले, तुह्या दिराले, फोन लाव. मी सांगतो त्याले."

"लावते," मी म्हटलं.

आठ दिवस मी आईशी कामापुरतं बोलले. माझा राग गेला नव्हता, फक्त त्याला बसायला जागा उरली नव्हती. आईवर धरावा तर तिचा गुडघा समोर ताठ पडलेला. गोळ्या खरंच घेतल्या का हे तिला विचारलं नाही, म्हणून डॉक्टरांवर धरावा, तर बजावणी माझ्याकडे होती. मी पुन्हा पुन्हा दिराचं प्रकरण उघडायची. गोळ्या त्याने अर्धवट दिल्याच होत्या की नाही? चट्टे लपवलेच होते की नाही? त्या कुत्र्याने आधी आणलं असेल, आईच्या गोळ्यांनी ते माजवलं असेल. किंवा आईच्या पायातून कुत्र्यात गेलं असेल. किंवा माझ्या नाकातून दोघांत. नेमकं हेच दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, कोणाकडून कोणाकडे ते सांगता येत नाही. निम्मी कसूर त्याची होती असं धरलं, तरी शिक्षा मी त्याला पुरी दिली होती, तीही व्याह्यांसमोर. पण ती परत घ्यायला माझं मन होईना. मी उभ्या आयुष्यात एक नोटीस मागे घेतलेली नाही.

"फोन लावला का?" आई विचारायची. मी म्हणायची, लागत नाही. मग म्हणायची, ते लग्नाच्या गडबडीत आहेत. मग म्हणायची, समोरासमोर बोलू. आईला मोबाईल चालवता येत नाही, आणि लाजेने दीर आमच्याकडे फिरकत नव्हता. माझं दोन्हीकडून साधत होतं. असे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर गेले. आई विचारायची थांबली, पण गोळी घेतली की मी काही न म्हणता स्वतःच गाल बोटाने ओढून दाखवू लागली. एकदा डावा, एकदा उजवा. मला ते पाहवत नसे.

अशोक विजयादशमीला नवऱ्याने मला न विचारता दिराला बोलावलं. सकाळी आम्ही आईला वॉकरने विहारापर्यंत आणलं. पांढरं पातळ, तेच. पायऱ्यांशी येऊन ती थांबली. पाय उचलला, पण गुडघा वाकेना, आणि पाऊल पायरीच्या कडेला अडून परत खाली आलं. दुसऱ्यांदा तसंच. आसपास लोक "जयभीम मावशी" म्हणून वर जात होते. कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणायला धावलं. तेवढ्यात दीर गर्दीतून पुढे आला. चार महिन्यांत तो वाळला होता. आईसमोर वाकून म्हणाला, "मावशी, धरा मले."

जिने दोन वर्षं कोणाचा खांदा धरला नाही, तिने त्याचा धरला. एक पायरी. मग दुसरी, ताठ पाय बाजूने फिरवत. तिसऱ्या पायरीला तिला दम लागला आणि तो तिचं सगळं ओझं अंगावर घेऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमाले हे दिवस माह्यामुळं पाहा लागले, मावशी. मी सोताले माफ करू शकत नाही."

आईने त्याच्या खांद्यावरून खाली पाहिलं. मी रस्त्यावर उभी होते, एका हातात तिच्या चपला, काखेत पर्स, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी घातलेलं ते पान. ती सांगू शकत होती. तिला तर केव्हाचं सांगायचं होतं. पण ती तशीच पाहत राहिली, एका हाताने त्याचा खांदा धरून, वर गेलेली माणसं वंदनेला खोळंबलेली असताना.

"जीभ दाखव," ती मला म्हणाली.

दिराला काही कळलं नाही. मी चपला खाली ठेवल्या, पर्स उघडली आणि तोंडही उघडलं.